राजाचा वारा

मार्च सरत आला की वाशीमात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. गेल्या आठवड्यात आमचाही उतरला. सुनेनं ताट्या उघडल्या, काळा पडलेला जुना वाळा उपसून टाकला आणि बाजारातून आणलेला नवा नीट पसरून बसवला. मी पाइप धरून टाकीत पाणी सोडत होते. पहिलं पाणी त्या कोरड्या मुळ्यांवरून झिरपलं, पंखा घरघरला आणि खोलीभर तो ओळखीचा वास पसरला. या वासानं कोणाला माहेर आठवतं, कोणाला आजोळचं पन्हं. मला एक राजा आठवतो.

त्याचं नाव मला माहीत नाही. कुळ माहीत नाही, काळही नाही. तरी दर उन्हाळ्यात मी कूलरपुढं बसते आणि मनातल्या मनात त्याला प्रश्न विचारते. सून म्हणते, "आई, तुमी कूलरसमोर बसल्या की वाटते कोनाची तरी उलटतपासनी करून राह्यल्या." पोरगी खोटं बोलत नाही. चौकशा करणं हा माझा जन्माचा रोग आहे. लहानपणी घरातले मला पोलीस पाटील म्हणत आणि पाहुणे आले की मला आधी बाहेर खेळायला पाठवत.

किन्हीराजाच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत, माझ्या गिरजाआत्याचं गाव. तेव्हा आमचा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. आत्याच्या दारात उभं राहिलं की समोर सपाट माथ्याचा डोंगर दिसायचा आणि माथ्यावर महाल. महाल म्हणजे काय, तर तीन कमानी, एक लांबोडकं दालन आणि बाकी पडझड. पण खालून, विशेषतः दिवस मावळताना, तो अजून राहता असल्यासारखा वाटे. गावात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की तो राजाचा उन्हाळ्याचा महाल. ऊन तापलं की राजा बायका-पोरं, हत्ती-घोडे घेऊन वर जायचा आणि मिरगाचा पाऊस आला की खाली उतरायचा. कुठला राजा, हे विचारलं की मात्र ज्याची त्याची गोष्ट सुरू होई. कोणी म्हणे गोंडराजा, कोणी म्हणे निजामाचा सरदार, कोणी त्याला नागपूरकडचा ठरवी. गुराख्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडायची. त्यांच्या मते राजा इतका लठ्ठ होता की उन्हात वितळून जाईल या भीतीनं राणीच त्याला डोंगरावर नेऊन ठेवत असे.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही आठवण. माझी मॅट्रिकची परीक्षा संपली होती. माझे बाबा मंगरूळपीरला कचेरीत शिपाई. निकाल लागेपर्यंत घरात बसून मी सगळ्यांचं डोकं खाईन, म्हणून त्यांनी मला एसटीत बसवून आत्याकडं धाडलं. गाडीच्या खिडकीतून दिसणारी शेतं पाहून मी पहिल्यांदा गप्प झाले. सगळीकडं एकच रंग, वाळलेल्या शेणाचा.

आत्या आणि मामा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. किसनमामा. दिवसभर दगड फोडून आल्यावरही ज्याला गप्पा सुचतात असा तो माणूस होता. खायला लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या भाकरी. त्या थंड झाल्या की मामा म्हणे, "कुसे, हे घे, इथीसा बी खडी फोड." हसू यायचं, पण घोटभर पाण्याशिवाय ती भाकर घशाखाली उतरत नसे, आणि खरी अडचण तिथंच होती. आमच्या बौद्ध वस्तीची विहीर होळीच्या आतच आटली होती.

वरच्या आळीच्या विहिरीला थोडं पाणी होतं. कायदा काहीही म्हणो, तिथली रीत जुनीच होती. आपली घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. वरची एखादी बाई यायची, तिच्या मनात आलं तर ती उंचावरून धार सोडायची. छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून आत्यानं ती धार बंद केली होती. "मी बी मानूसच हाय," ती म्हणायची. "कोनाच्या धारेखाली घागर नाई धरत मी." म्हणून वस्तीतल्या बाया नदीच्या पात्रात खड्डे करून, दीड-दोन कोसांवरून पाणी आणत. चैत्र संपता संपता ते खड्डेही चिखल देऊ लागले.

एका संध्याकाळी मामानं विषय काढला. "निंगू मनतो मी. अकोल्याकडे वीटभट्टीवर काम हाय. सारी वस्ती निंगाचं मनून राह्यली."

आत्या चुलीपुढं होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मी या गावात नांदाले आली," ती म्हणाली, "पयाले नाई."

ते घर तिनं स्वतः माती तुडवून, हातानं लिंपून उभं केलं होतं. दारातला निंब तिनं लावला होता आणि त्या उन्हाळ्यात त्याला भांडी धुतलेलं गढूळ पाणी ती मोजून मापून घालत होती. वस्ती एकदा उठली की परत बसत नाही हे तिला माहीत होतं. तिच्या माहेरची तशीच गेली होती. पाणी सापडलं तर राहायचं, नाहीतर उठायचं, इतकी साधी गोष्ट झाली होती.

महालाची आठवण तेव्हा मामाला झाली. तो बाजेवरून ताडकन उठून बसला. "मले सांगा, भर उन्हायात, बायका-पोरं घेऊन, राजा बिनपान्याच्या डोंगरावर कायले राह्यन? राजा का येडा होता?"

मला तर हा तर्क इतका पटला की हत्ती किती पाणी पितात याचा हिशेब मी लगेच सुरू केला.

बाजाराच्या दिवशी खडीचं काम बंद असे. त्या दिवशी झुंजूमुंजू होताच आम्ही तिघं निघालो. मामाच्या खांद्यावर कुदळ, आत्याच्या डोक्यावर भाकरी आणि तांब्याभर पाणी. अर्ध्या चढावर तेंदूच्या झाडांना टेंभरं पिकली होती. मी ती खात, बिया थुंकत, प्रश्न विचारत चढत होते. मामानं दोनदा मला तोंड बंद ठेवून दम राखायला सांगितलं.

वर पोचल्यावर कळलं की शोधायला येणारे आम्ही पहिले नव्हतो. दालनाची जमीन गुप्तधनवाल्यांनी जागोजागी उकरून ठेवली होती. आधीच्या कुठल्या दुष्काळात पाणी शोधणाऱ्यांनीही खड्डे पाडले असणार. मामा कुदळीचा दांडा जमिनीवर आपटत, कान लावत सगळं दालन फिरला. पोकळ आवाज कुठंच येईना. महालात कोनाडे होते, दिवे लावायच्या जागा होत्या, एका भिंतीवर निळसर रंगाचा पोपटही होता, अर्धा उरलेला. विहीर नव्हती. टाकं नव्हतं. आत्या कमानीत बसून खाली गावाकडं बघत होती. तिच्या दारातला निंब तिथून हिरव्या ठिपक्याएवढा दिसत होता.

मी कमानींकडं बघत होते. तिन्ही पश्चिमेला तोंड करून. डोंगरावर दुपारी वारा तिकडूनच येतो, तो त्या वेळीही येत होता, भाजून काढणारा. मग माझं लक्ष वर गेलं. प्रत्येक कमानीच्या माथ्यावर दगडात एक ओळ भोकांची. बोट जाईल एवढी भोकं, एकसारखी. त्यांच्या खाली लोखंडी कड्यांचे गंजलेले तुकडे. दगडावर चढून मी एका भोकात काडी घातली तर ती आत, वरच्या पन्हाळीत जाऊन लागली.

त्या क्षणी मला मंगरूळची कचेरी दिसली. उन्हाळ्यात साहेबांच्या दाराला वाळ्याच्या ताट्या टांगत, आणि दुपारभर त्या भिजवत राहायचं काम माझ्या बाबांचं असे. बाबा बाहेर उन्हात उभे राहून डब्यानं पाणी मारत, आत साहेब थंड होत. शाळा सुटल्यावर मी तिथं जाऊन उभी राहायची, ताटीच्या बाहेरच्या बाजूला. वास आम्हालाही मिळायचा.

"मामा, इथं ताट्या होत्या!" मी ओरडले. "वरून पानी ठिबकायचं!"

मामा धावत आला. भोकांची पन्हाळी कोपऱ्यात एका खापरी नळाला मिळाली होती आणि नळ भिंतीतून आरपार मागच्या बाजूला गेला होता. "नय हाय!" मामा नाचायचाच बाकी राहिला. "नय हाय मंजे टाकं हाय! आता सांग, राजा येडा होता का?"

महालाच्या पाठीमागं जमीन चढती आहे. नळ उकरत आम्ही त्या उंचवट्यावर गेलो. घाणेरीचं रान माजलं होतं, हात ओरबाडून निघाले. मामानं शेवटची झुडपं उपटली आणि खाली दगडाची डोण निघाली. गुरांना पाणी पाजतात तसली, त्याहून जरा मोठी. तळाशी भोक, भोकात नळाचं तोंड. तिच्यात नावालाही ओल नव्हती आणि तिच्यापलीकडं काहीच नव्हतं. नळ तिथं संपत होता.

मामा मटकन खाली बसला. "मंजे येडाच होता," तो म्हणाला.

डोणीचा काठ मात्र सपाट नव्हता. त्याला एका बाजूनं गुळगुळीत खळगे पडले होते, पाट्यावर मधोमध पडतो तसे. आत्यानं तांब्या हातात घेतला, एका खळग्यात टेकवला आणि तिरका केला. तो बरोबर बसला. "राजा येडा नोता," ती म्हणाली. "पानी लोकाइच्या डोक्यावरून येत होतं."

"कोणाच्या?" मी विचारलं.

"आपल्याच असन. बाहीर उभं राहून ओताचं काम अजून कोनाले देतीन?"

ज्यांची सावली चालत नव्हती त्यांचं पाणी राजाला कसं चाललं? आत्या हसली. प्यायचं पाणी वेगळ्या हातांनी येत असेल, म्हणाली, हे तर नुसतं ताटीवर टाकायचं. ओतणारा भिंतीच्या बाहेर, राजा आत, मध्ये नळ. पाणी बाटतं, पण त्या पाण्यातून गेलेला वारा बाटत नाही. एवढा विचार करून कोणीतरी तो नळ बसवला असणार. मी तेव्हा रागावले का? खरं सांगायचं तर आधी मी थक्क झाले. माणसं किती बारीक कोरीव काम करू शकतात, आणि कशासाठी. राग नंतर आला आणि तो अजून आहे. याचा पुरावा कोणी मागितला तर माझ्याकडं डोणीच्या काठावरचे खळगे आहेत, बस.

आत्या उभीच होती. "काहो," ती मामाला म्हणाली, "मंग ते पानी आनत कुठून?"

आजवर डोंगर चढलेल्या प्रत्येकानं राजाचं पाणी शोधलं होतं. राजा वर राहायचा, तर पाणीही वरच असणार, ही आमची सगळ्यांची समजूत. वाहणाऱ्यांचं पाणी कुठं होतं हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. मला पडला नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं, पोलीस पाटील ना मी!

डोणीपासून एक वाट निघाली होती. आमच्या गावाकडं नाही, उलट्या अंगाला. सुरुवातीला ती वाट आहे हेच ओळखू येत नव्हतं. मग पायाला दगडी पायऱ्या लागल्या, आणि वळणावळणावर छातीएवढ्या उंचीचे ओटे. आत्यानं पहिल्या ओट्यापाशी थांबून त्यावर हात फिरवला. डोक्यावरची घागर कोणाच्या मदतीशिवाय उतरवता यावी आणि परत उचलता यावी, नेमकी तेवढी उंची. एकट्यानं चढणाऱ्यांनी आपल्यासाठी केलेली सोय होती ती. राजाच्या महालात पोपट काढणारे हात कोणाचे, मला माहीत नाही, पण या ओट्यांना हात लावताना आत्याचा चेहरा घरच्या भिंती लिंपताना व्हायचा तसा झाला होता.

वाट दरीत उतरली आणि एका उंबराखाली संपली. तो उंबर सगळ्यांच्या ओळखीचा. दुष्काळातही हिरवा. त्याच्या सावलीला बकऱ्या बसत, गुराखी झोपत. उंबराखाली पाणी असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तरी पाणी शोधायला निघालेली माणसं त्याच्याकडं पाठ करून डोंगर चढत होती. वर महाल होता ना!

त्या दिवशी मामानं कमरेएवढं खणलं. दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं आली. गाळाखाली दगडांनी बांधलेलं गोल तोंड लागलं, मग ओली वाळू, मग वाळूतून हळूहळू भरणारं वाटीभर पाणी. उपसलं की परत वाटीभर. झरा लहान होता, पण थकत नव्हता. अकोल्याला निघालेली गाठोडी सुटली. आत्यानं निंबाला पहिल्यांदा पूर्ण तांब्या घातला.

मध्यंतरी मी वर जाऊन आले. आता मोटारसायकल अर्ध्यापर्यंत जाते. पायथ्याशी कोणीतरी पाटी लावली आहे: राजाचे उन्हाळी निवासस्थान. मुलं कमानीत उभी राहून फोटो काढत होती. मी त्यांना वरची भोकं दाखवली, मागं नेऊन डोण दाखवली. एका मुलीनं काठाच्या खळग्यात आपली पाण्याची बाटली टेकवून पाहिली आणि म्हणाली, "आजी, इथं नळ होता का?" होता, म्हटलं. लांबचा होता. मग तिला उंबराची वाट दाखवली. ती उतरायला लागली, तिच्या मागं बाकीची. मला बरं वाटलं.

पण कूलर सुरू झाला की मला जे आठवतं ते डोंगरावरचं नाही, उंबराखालचं आहे.

झऱ्याचं तोंड इतकं अरुंद की आत एकच बाई बसू शके. ती वाटीनं पाणी भरायची, काठावरच्या बाया एकेक घागर खाली द्यायच्या. म्हणजे जो आत बसेल त्याच्याच हातचं पाणी सगळ्यांनी न्यायचं, दुसरा मार्ग नाही. वैशाखात वरच्या आळीची विहीरही तळाला गेली. तिकडून एक माणूस निरोप घेऊन आला: सकाळी काही वेळ झरा मोकळा ठेवा, आमच्या बाया उतरतील, त्यांचं झालं की तुमी या.

आत्या म्हणाली, "ज्याले पानी पायजे त्यानं रांगेत लागावं. आत जो बसला थो भरून देते. नाई कोनाले मनत नाई आमी."

माणूस आल्या वाटेनं परत गेला. मामा घाबरला होता. खडीच्या कामावर हजेरी घेणारा वरच्या आळीचाच होता. "एवढी ताठ नको राहू व," तो म्हणाला. "त्याहीनं मनावर घेतलं तर झराही जाईन आन कामही." आत्यानं त्या रात्री भाकर अर्धीच खाल्ली. तिलाही भीती वाटत होती, पण ती मागं हटली नाही.

दोन-चार दिवस वरच्या आळीतून कोणीच आलं नाही. मग एका दुपारी, उंबराच्या सावलीबाहेर पाय ठेवता येत नव्हता अशा वेळी, पाटलाची सून विमल एकटी आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. डोक्यावर पितळी घागर, तोंड उन्हानं लाल. आत्या आत बसली होती, काठावर मी आणि दोघी-तिघी. विमल रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिनं गुडघे टेकले आणि घागर खाली दिली.

आत्यानं घागर धरली, पण भरायला लागली नाही. तिनं वर पाहिलं. "तहान लागली का व माय?"

विमलनं मानेनंच हो म्हटलं.

आत्यानं वाटी भरली आणि सवयीनं उंच धरली, ओंजळीत धार सोडायला. ती सवय तिच्या हाताला दीक्षेआधी वरच्या आळीच्या धारेखाली लागली होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. विमलनं ओंजळ केली नाही. तिनं वाकून आत्याच्या हातातून वाटी घेतली, तोंडाला लावली आणि सगळी प्याली. मग रिकामी वाटी परत देत म्हणाली, "अजून एक द्या, मावशी."

आत्यानं दिली. मग घागर भरून दिली. विमल ती डोक्यावर घेऊन चढणीला लागली, पहिल्या ओट्यापाशी तिनं ती टेकवून दम घेतला आणि पुढं गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या मागं अजून बाया आल्या. सगळ्या नाही आल्या, पण आल्या.

विमल आली त्या दिवशी आत्या आणि मी डोंगर ओलांडून घरी परतत होतो. महालाच्या कमानी उन्हात दिसत होत्या. तिनं एकदा तिकडं पाहिलं, घागर सारखी केली आणि म्हणाली, "कुसे, राजानं आपल्या पान्याचा नुसता वारा घेतला व. या पोरीनं पानी घेतलं."